मोरी, खरवस आणि मेलेलं ट्रिप्सिन: प्रोटीन स्ट्रक्चरचा अभ्यास कसा करायचा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारी मुलगी देवगडकडची, एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. 'प्रोटीन स्ट्रक्चर अँड फंक्शन' हा पेपर घेतलाय. अल्फा हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ रेसिड्यू (साखळीतली अमिनो आम्लं), रामचंद्रन प्लॉटचे (साखळी कुठल्या कोनांत वळू शकते त्या नकाशाचे) कोपरे, हिमोग्लोबिनची टी आणि आर अवस्था (ऑक्सिजन सोडलेली आणि धरलेली), सगळं तोंडपाठ आहे. तरी अंतर्गत परीक्षेत २० पैकी ७ पडले. प्रश्न होता: एका प्रोटीनमध्ये आतल्या ल्युसिनच्या जागी ॲलानिन आलं आणि दुसऱ्यात पृष्ठभागावरच्या ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन आलं, तर काय होईल? ती विचारते, कुठलं पुस्तक वाचू, रोज किती तास देऊ, आणि महिनाअखेरपर्यंत पर्यायी पेपर बदलता येतो तर बदलू का?

तुझ्या वयाच्या मुलामुलींना शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. 'तुम्ही' म्हणायला जीभ वळत नाही, तेव्हा 'तू'च म्हणतो, राग मानू नकोस.

तुझी अडचण लक्षात ठेवण्याची नाहीच. जे सात मार्क मिळाले ते पाठांतराचेच असणार. बहुतेक मुलांच्या वहीत दोन रकाने असतात: डावीकडे रचना, उजवीकडे कार्य. मधे रेघ. त्या रेघेवर काय आहे ते कुणी विचारत नाही. तिथे असतं स्थैर्य. ही रचना किती जोर लावून उभी आहे आणि कशाने कलंडेल, हा प्रश्न. पुस्तकातलं रंगीत चित्र पाहिलं की प्रोटीन चिऱ्याच्या घरासारखं भक्कम वाटतं. प्रत्यक्षात ते दिवाळीनंतर खळ्यात घातलेल्या मांडवासारखं आहे. उभं असतं, सावली देतं, पण चार ठिकाणचे सुंभ सोडले की खाली येतं.

हे नुसतं उपमेवर सोडू नकोस, आकडा काढ. साधारण प्रोटीनची घडी आणि उलगडलेली साखळी यांच्यातला ऊर्जेचा फरक मोलमागे २० ते ६० किलोज्यूल असतो. आत शेकडो हायड्रोजन बंध, हजारो व्हॅन डर वाल्स स्पर्श, आणि शिल्लक एवढीच? कारण उलगडलेल्या साखळीलाही पाण्याशी बंध करता येतात, शिवाय मोकळं वळवळण्याचं स्वातंत्र्य असतं, म्हणजे एन्ट्रॉपी. जमेची बाजू मोठी, खर्चाची बाजूही तेवढीच मोठी, हातात उरते ती ही चिल्लर. २५ अंशांना दर ५.७ किलोज्यूलला समतोल दहापटीने सरकतो. म्हणजे २० किलोज्यूलवाल्या प्रोटीनचे तीनेक हजार रेणू घडीत असतील तेव्हा एखादा उलगडलेला असतो.

आता तुझं ल्युसिन. गाभ्यात पुरलेल्या ल्युसिनच्या जागी त्याहून लहान ॲलानिन आलं की सरासरी १० ते १२ किलोज्यूल जातात. सरासरी म्हणतोय, कारण जागेनुसार हा आकडा बराच खालीवर होतो. भोवतालची साखळी सरकून पोकळी भरून काढते का, यावर ते असतं. पण अंदाजापुरतं धर. २० मधले १० गेले, १० उरले. प्रोटीन अजून उभं आहे, एन्झाइम असेल तर कामही करतंय. फक्त तापमान थोडं वाढलं की त्याचा तोल आधी जाईल. असे दोन बदल झाले तर शिल्लक शून्य, निम्मे रेणू उलगडलेले. आणि मूळ प्रोटीन ६० वालं असेल तर या सगळ्याने त्याचं काहीच बिघडणार नाही. पेपरात एवढं लिहिलं असतंस तर तपासणाऱ्याने उठून मार्क दिले असते. 'रचना बदलेल म्हणून कार्य बदलेल' या वाक्याला मी गेली अनेक वर्षं अर्धा मार्कसुद्धा देत नाही.

म्हणून माझी पद्धत एकच: कुठलंही प्रोटीन शिकताना ते कशाने मोडतं तिथून सुरुवात करायची. आणि त्यासाठी आपल्या किनाऱ्यासारखी प्रयोगशाळा नाही.

मोरी घे, म्हणजे छोटा शार्क. मालवणच्या बाजारात मोरी घेताना कोळीण सांगते, "आजची आज संपवूक व्हयी, उद्या वास मारतली." बांगडा, सुरमईपेक्षा मोरीचा वास वेगळा असतो, सरळ अमोनियाचा. का? शार्क जातीचे मासे समुद्राच्या खारेपणाशी तोल राखण्यासाठी रक्तात युरिया साठवतात, साधारण ०.४ मोलर. आपल्या रक्तातल्या युरियाच्या पन्नासपटीहून जास्त. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. वर्गात एवढं सांगितलं की मी थांबतो आणि विचारतो, काही खटकतंय का? दहातला एक जण हात वर करतो.

खटकायला हवं. क्रिश्चन ॲन्फिन्सन या शास्त्रज्ञाने रायबोन्यूक्लिएज हे आरएनए कापणारं एन्झाइम उलगडायला काय वापरलं होतं? ८ मोलर युरिया आणि जोडीला डायसल्फाइड, म्हणजे गंधक-गंधक बंध, तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल. १२४ अमिनो आम्लांची साखळी, चार डायसल्फाइड, आणि युरिया काढून टाकल्यावर ती आपली आपण पुन्हा घडीत आली. याच कामावर त्याला १९७२ चं नोबेल मिळालं. म्हणजे युरिया हे प्रोटीन मोडण्याचं हत्यार, आणि मोरी तेच अंगभर बाळगून पोहते. ०.४ म्हणजे ८ नव्हे, मान्य. पण मघाशी पाहिलं तसं शिल्लकच चिल्लर असेल तर थोडा धक्काही महाग पडतो. मोरी यावर तोड काढते ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड, टीएमएओ, साठवून. याचं युरियाशी प्रमाण साधारण एकास दोन. यान्सी आणि सोमेरो यांनी १९७९ मध्ये दाखवलं की या प्रमाणात दोघांचे परिणाम एकमेकांना बरेचसे फेडतात.

आता 'कसं' विचार. युरियाला प्रोटीनचा पाठीचा कणा, म्हणजे पेप्टाइडची साखळी, आणि बाजूच्या शाखा दोन्ही आवडतात. उघड्या पडलेल्या साखळीशी तो सलगी करतो, त्यामुळे उलगडलेली अवस्था स्वस्त होते. टीएमएओचं साखळीशी पटत नाही. तो द्रावणात असला की उघडी साखळी महाग पडते आणि प्रोटीन घडीत राहणं पसंत करतं. दोघांपैकी कुणीही घडी घातलेल्या प्रोटीनला फारसं हात लावत नाही, फरक पडतो तो उलगडलेल्या बाजूला. हे एकदा नीट कळलं की डीनॅच्युरेशनचा, म्हणजे घडी मोडण्याचा, अख्खा धडा तुझ्या हातात आला. समतोल दोन टोकांचा असतो, आणि पुस्तकं चित्र एकाच टोकाचं छापतात.

दुसरं उदाहरण घरातलं. गाय-म्हैस व्यायली की पहिल्या दिवसांचा चीक वाफवला तर खरवस होतो, वडी पडते. तेच भांडं, तीच वाफ, पण महिन्याभरानंतरचं दूध ठेव, नुसतं गरम होईल. चिकात इम्युनोग्लोब्युलिन आणि इतर गोलाकार घडीची प्रोटीनं भरपूर असतात. उष्णतेने घडी सुटते, आत दडलेले हायड्रोफोबिक, म्हणजे पाणी टाळणारे, भाग बाहेर येतात, एका रेणूचे दुसऱ्याला चिकटतात, डायसल्फाइडची अदलाबदल होते आणि जाळं बसतं. नेहमीच्या दुधात मुख्य प्रोटीन केसीन. त्याला पक्की तृतीयक घडी जवळजवळ नाहीच, प्रोलिन भरपूर, आधीपासून सैल. जे घडीतच नाही ते उलगडणार काय? म्हणून केसीन उकळी सहन करतं. पण त्यालाच आम्ल दाखव. पीएच ४.६ च्या जवळ आला की पृष्ठभागावरचा विद्युतभार फिटतो, कण एकमेकांना दूर ढकलेनासे होतात आणि दही लागतं. उष्णता घडीवर घाव घालते आणि आम्ल भारावर. ॲसिडही घडी उलगडू शकतं, ते पुढे येईलच, पण कुठला घाव कुठे बसतो हे विचारायची सवय लाव.

कुर्ल्या आणि शेवंडं शिजल्यावर लाल का होतात, हे तुझं तू काढ. सूत्र देतो: युरोपातल्या लॉबस्टरच्या कवचात ॲस्टॅझँथिन हा नारिंगी रंग क्रस्टासायनिन नावाच्या प्रोटीनमध्ये पकडलेला असतो. मोकळा असताना तो ४७० ते ४८० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, प्रोटीनच्या कुशीत ६३२ ला. बाकी चुलीवर ठेवून विचार कर.

प्रश्नाचा दुसरा भाग, ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन. तू 'सिकल सेल' लिहून थांबली असशील, सगळेच थांबतात. इथे ल्युसिनसारखा हिशेब चालत नाही, आणि म्हणूनच परीक्षकाने दोन्ही शेजारी ठेवले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं रेसिड्यू पृष्ठभागावर आहे. तिथे व्हॅलिन आल्याने गाभ्यातला एकही सुंभ सुटत नाही. घडी जशीच्या तशी. विरळ द्रावणात हे हिमोग्लोबिन ऑक्सिजनही जवळपास नेहमीसारखाच धरतं. बिघाड असा की पृष्ठभागावर एक चिकट ठिपका तयार झाला. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर फेनिलॲलानिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्यात एक खोबण आहे, त्यात हा व्हॅलिन जाऊन बसतो. ही खोबण नीट बसण्याजोगी असते ती डीऑक्सी, म्हणजे ऑक्सिजन नसलेल्या, अवस्थेत. म्हणून ऑक्सिजन सोडल्यावर रेणूंच्या दोऱ्या वळल्या जातात आणि पेशी विळ्यासारखी होते. पृष्ठभागावरचे बहुतेक बदल प्रोटीन पचवून जातं. हा नाही पचला, कारण समोर जागा तयार होती.

हे चित्रात वाचू नकोस, स्वतः फिरवून बघ. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झाली, आज तिथे दोन लाखांहून जास्त आहेत आणि सगळ्या फुकट. साइटवरचा व्ह्यूअर मोबाइलवरही चालतो. गावात रेंज जाते-येते, म्हणून कॉलेजात असताना फाइल उतरवून घे आणि घरी पायमॉल किंवा कायमेरा-एक्समध्ये उघड. डीऑक्सी हिमोग्लोबिनच्या फाइलचा कोड ४-एचएचबी, ऑक्सीचा १-एचएचओ. आधी डीऑक्सीमध्ये ग्लुटामेट ६ शोध, मग ८५ आणि ८८. मग तेच ऑक्सीमध्ये. एक खाचखळगा सांगून ठेवतो. युनिप्रॉट या प्रोटीन साखळ्यांच्या डेटाबेसमध्ये क्रमांक सुरुवातीच्या मेथिओनिनपासून धरतात, त्यामुळे तिथे हेच रेसिड्यू सातवं दिसेल. दरवर्षी दोन-तीन जण यात अख्खी दुपार घालवतात.

प्रत्येक प्रोटीनची तीनच रेसिड्यू घे: एक गाभ्यातलं, एक पृष्ठभागावरचं, एक काम करणारं. प्रत्येकाबद्दल आधी कागदावर लिही की हे काय धरून आहे आणि इथे ॲलानिन आलं तर काय जाईल. मग पुस्तक उघड. क्रम उलटा केलास तर फायदा नाही. चुकीचा अंदाज लिहून मग खरं वाचलं की ते डोक्यात राहतं. नुसतं वाचलेलं परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंतच टिकतं.

अल्फाफोल्डबद्दल, म्हणजे साखळीवरून प्रोटीनचा आकार ओळखणाऱ्या संगणक प्रोग्रॅमबद्दल, तू विचारलं नाहीस, पण विचारशील. २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्यासाठी हसाबिस आणि जंपर यांना मिळालं, दुसरं अर्धं नवी प्रोटीनं रचणाऱ्या बेकरना. वीस कोटींहून जास्त अंदाजित रचना खुल्या आहेत. जरूर बघ. पण निळा भाग विश्वासाचा, नारिंगी भागावर पैज लावू नको, पुष्कळदा तिथे प्रोटीनला ठाम आकारच नसतो. आणि तुझ्या ल्युसिनच्या जागी ॲलानिन घालून दिलंस तर तो बहुधा तसाच सुबक आकार काढून देईल. आकार सांगणं आणि आकार किती घट्ट आहे ते सांगणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

हे मला कुणी शिकवलं म्हणशील तर एका बांगड्याने. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. उन्हाळ्याचा छोटा प्रकल्प होता, माशाच्या पचनसंस्थेतलं ट्रिप्सिन, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम, वेगळं करायचं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून पहाटे बांगडे आणले, जठराजवळच्या पचनाच्या बारीक पिशव्या, पायलोरिक सीका, काढल्या, चार दिवस खपून बऱ्यापैकी शुद्ध एन्झाइम हातात आलं. साठवायचं कसं? गाईच्या ट्रिप्सिनचा नियम पाठ होता: पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात, पीएच ३ च्या आसपास. कारणही पाठ होतं. ट्रिप्सिन स्वतःलाच कापतं, पण आम्लात हिस्टिडिन ५७ वर प्रोटॉन बसून राहतो, मग सेरिन १९५ चा प्रोटॉन घ्यायला कुणी नाही, कात्री बंद. पीएच परत वर नेला की कात्री चालू. किती सुंदर. रात्री ठेवलं आणि घरी गेलो.

सकाळी बीएपीएनए घातलं, ट्रिप्सिनने कापलं की पिवळं होणारं रसायन. पिवळा रंग यायला हवा होता. आलाच नाही. पाणी ते पाणीच. दिवसभर बफर बदलून पाहिले, उपयोग शून्य. नंतर वाचनात आलं की माशांची ट्रिप्सिनं पुष्कळदा आम्लात टिकत नाहीत, उदासीन किंवा थोड्या अल्कलीत बरी राहतात. तीच घडी, तेच तीन अमिनो आम्लांचं त्रिकूट, तळाशी लायसिन-आर्जिनिनला धरणारं तेच ॲस्पार्टेट १८९. काम तंतोतंत सारखं. पण भारांची मांडणी वेगळी, म्हणून शिल्लक वेगळी. गाईच्या एन्झाइममध्ये आम्लाने फक्त कात्री मिटली, माझ्या बांगड्याच्या एन्झाइमची घडीच सुटली आणि परत बसली नाही. माझी कारणमीमांसा चुकली नव्हती, ती अर्धी होती. कार्याच्या रकान्यातलं सगळं मला येत होतं, मधल्या रेघेवरचं नाही.

आता तुझे बाकीचे प्रश्न पटापट.

पुस्तक: विद्यापीठाने सुचवलेलं जाड पुस्तक चालेल, कुठलंही. नवं घेऊ नकोस. पण त्यातलं ऊष्मागतिकीचं प्रकरण, जे सगळे ओलांडून जातात, ते दोनदा वाच. बी.एस्सी.ला फिजिकल केमिस्ट्री कच्ची राहिली असेल तर आधी आठवडाभर डेल्टा जी, डेल्टा एच, डेल्टा एस (मुक्त ऊर्जा, एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी यांतले फरक) हेच कर. हायड्रोफोबिक परिणाम सर्वसाधारण तापमानाला मुख्यतः पाण्याच्या एन्ट्रॉपीतून येतो, हे वाक्य स्वतःच्या शब्दांत आईला समजावता आलं पाहिजे.

तास: हे तुझ्यावर आहे. विद्यापीठाची लेखी परीक्षा अजून बरीचशी वर्णनावर चालते, तिथे तुझं पाठांतर वाया जाणार नाही, आकृत्या नीट काढ. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा डोळ्यांसमोर असेल तर भाग 'क'चे प्रश्न नेमके तुला अडलेल्या प्रकारचे असतात, मग आठवड्याला दोन प्रोटीनं या पद्धतीने कर. मायोग्लोबिन, हिमोग्लोबिन, कायमोट्रिप्सिन-ट्रिप्सिन, रायबोन्यूक्लिएज, कोलॅजन. पाच पुरेत. रामचंद्रन प्लॉट कोलॅजनच्या वेळी परत काढ. मद्रासला बसून रामचंद्रन आणि कार्था यांनी आधी कोलॅजनची तिपेडी रचना मांडली, प्लॉट नंतर १९६३ चा, आणि त्या क्रमाने वाचलं की तो प्लॉट आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. दर तिसरं ग्लायसिनच का, हे तिथे दिसतं: तिन्ही पेड जिथे भेटतात तिथे हायड्रोजनपेक्षा मोठं काही मावतच नाही. आणि कोलॅजनवरून आठवलं, थंड समुद्रातल्या कॉड माशाचं कोलॅजन द्रावणात १५ अंशांच्या आसपासच उलगडतं, गाईचं ४० च्या जवळपास. कॉडमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन, तिपेड घट्ट धरायला मदत करणारं अमिनो आम्ल, कमी. मासळीचं कालवण दहा मिनिटांत आणि मटण तासभर, यामागे हे एक कारण आहे. एकमेव नाही.

पेपर बदलण्याबद्दल. आज रात्री फक्त हिमोग्लोबिनची ती दोन चित्रं उघड आणि खोबण शोध. तासाभराने मान वर केलीस आणि जेवायला हाक मारलेली ऐकूच आली नाही असं झालं, तर पेपर ठेव, सात मार्क विसरून जा. पंधराव्या मिनिटाला कंटाळून मोबाइल बाजूला ठेवलास तर खुशाल बदल, माझे दोन चांगले विद्यार्थी इम्युनॉलॉजीकडे गेले आणि मजेत आहेत. बदललास तरी खरवसाचा प्रश्न तिथेही येणार, चिकात ती इम्युनोग्लोब्युलिनं असतातच.

आणि कुर्लीचं उत्तर काढलंस तर लिहून पाठव. फक्त 'डीनॅच्युरेशनमुळे' एवढंच लिहू नकोस, अर्धा मार्कसुद्धा मिळणार नाही.